लढाऊ विमानं उडायला तयार ठेवायची तर माणसं, पार्ट आणि वेळ यांचा हिशोब कसा मांडायचा

मागच्या रविवारी भाची ओझरला घरी आली होती. नाशिकलाच इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टला विषय घेतलाय विमानांचा मेंटेनन्स, आणि चपला काढायच्या आधीच प्रश्न, मामा, १६ विमानांच्या स्क्वाड्रनला मेंटेनन्सची माणसं किती लागतात, एक आकडा सांगा ना फक्त. मी म्हटलं आकडा सांगतो पण तो विमानं मोजून निघत नाही, ती किती उडतात आणि किती दिवस नुसती वाट बघत उभी राहतात त्यावरून निघतो. मग वही घेऊन बसलो ते जेवायची वेळ टळून गेली तरी उठलो नाही. तेच इथे सगळ्यांसाठी लिहितोय. मी प्लॅनिंग सेक्शनमध्ये बरीच वर्षं काढलीत, त्यामुळे पद्धत खरी आहे, आकडे मात्र उदाहरणासाठी धरलेले आहेत, कुठल्याही खऱ्या स्क्वाड्रनचे नाहीत.

आपण नाशिककर विमान बनताना बघतो. १९६४ पासून ओझरला एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना) आहे, मिग-२१ इथे झाली, मिग-२७ झाली, सुखोई-३०एमकेआय झाली, आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला इथल्या लाइनवरचं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. पण विमान एकदाच बनतं, सांभाळावं लागतं कित्येक वर्षं. मिग-२१ हवाई दलात १९६३ ला आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला निवृत्त झालं, म्हणजे एका जातीचं विमान ६२ वर्षं सांभाळलं गेलं, त्यामागे किती मनुष्यतास (एका माणसाचं तासभर काम म्हणजे एक मनुष्यतास) गेले असतील याचा नुसता विचार करून बघा.

तर सुरुवात. आधी "तयार" कशाला म्हणायचं ते कागदावर लिहून काढा. इंजिन चालू होतंय, विमान उडतंय, पण रडार बंद आहे, तर ते तयार आहे का? ट्रेनिंगच्या सॉर्टीला (म्हणजे एका उड्डाणाला) चालेल, खऱ्या मिशनला नाही. म्हणून दोन वेगळे रकाने करा, "उडू शकतं" आणि "पूर्ण मिशन करू शकतं". हे दोन एकत्र केले की पुढचा सगळा हिशोब खोटा निघतो आणि तो खोटा आहे हे कळायला वर्ष जातं.

लगेच दुसरा प्रश्न, टक्के कशाचे? कॅगच्या २०१५ च्या अहवालात सुखोईची सर्व्हिसेबिलिटी (वापरायला तयार विमानांचं प्रमाण) ५५ ते ६० टक्के दाखवली होती आणि ठरलेलं प्रमाण होतं ७५ टक्के. असा आकडा वाचला की मी आधी विचारतो, खाली काय धरलंय. पुस्तकावर १६ विमानं आहेत, त्यातली २ ओव्हरहॉलला गेलीत (सुखोई असेल तर एचएएलकडे, मिग-२९ असेल तर इथेच ओझरच्या ११ बेस रिपेअर डेपोकडे), मग टक्के १६ चे काढायचे की १४ चे? दोन्ही चालतं, पण शेवटपर्यंत एकच धरायचं.

आता तास मोजायचे. आपल्या उदाहरणात स्क्वाड्रन महिन्याला २४० तास उडते आणि एक सॉर्टी सव्वा तासाची, म्हणजे १९२ सॉर्टी. काम चार प्रकारचं असतं आणि ते चार वेगवेगळ्या गोष्टींवर वाढतं, इथे बहुतेक जण घोळ घालतात कारण सगळ्याला मिळून "एका उड्डाण तासाला इतके मनुष्यतास" असा एकच आकडा लावून मोकळे होतात. काही काम सॉर्टीवर वाढतं, उड्डाणाआधीची तपासणी, दोन उड्डाणांमधलं टर्न-राउंड, संध्याकाळचं लास्ट फ्लाइट सर्व्हिसिंग, विमान अर्धा तास उडो नाहीतर दोन तास, हे काम तेवढंच. काही काम उडलेल्या तासांवर वाढतं, ते म्हणजे स्नॅग, अचानक निघणारे बिघाड. काही नुसतं कॅलेंडरवर चालतं, विमान हलो न हलो, बॅटरी, गंजाची तपासणी, इजेक्शन सीटच्या काडतुसांची मुदत. आणि चौथं म्हणजे ठरावीक तासांनी येणारं मोठं इन्स्पेक्शन.

आकडे घालू. सॉर्टीमागे ६ मनुष्यतास, १९२ गुणिले ६ झाले ११५२. स्नॅगचे उड्डाण तासाला १२, म्हणजे २८८०. कॅलेंडरचं विमानामागे महिन्याला ४०, १६ विमानांचे ६४०. मोठं इन्स्पेक्शन दर १०० तासांनी, एकाला ६०० मनुष्यतास, महिन्याला २.४ इन्स्पेक्शन येतात म्हणून १४४०. बेरीज ६११२ मनुष्यतास महिन्याला.

इथे भाचीने लगेच कॅल्क्युलेटर काढला, २५ दिवस गुणिले ८ तास, २०० तास एका माणसाचे, ६११२ भागिले २००, एकतीस माणसं! मी म्हटलं थांब. ही चूक मी मोठमोठ्या कागदांवर पाहिलीय आणि तिचा त्रास नंतर फ्लाइट लाइनवरच्या पोरांना होतो, दुपारच्या उन्हात डबल शिफ्ट करत.

माणूस खरंच किती तास विमानाला हात लावतो ते मोजा. महिन्याचे ३० दिवस, त्यातून रविवार आणि सुट्ट्या ५ गेल्या, रजा सरासरी ६ दिवस, कोर्स, गार्ड ड्युटी, परेड, मेडिकल यात ३ दिवस, उरले १६ दिवस, १२८ तास. त्या १२८ मध्येही टूल्स काढून घ्यायचे, मोजायचे, परत जमा करायचे, कागद भरायचे, विमान टो करून आणेपर्यंत थांबायचं, पाऊस आला तर कव्हर घालायचे. प्रत्यक्ष हात चालतो तो ६० टक्के धरा, राहिले ७७ तास. आता भागा, ६११२ भागिले ७७, जवळपास ८० माणसं. एकतीस कुठे आणि ऐंशी कुठे! आणि ते ४० टक्के म्हणजे कामचुकारपणा मुळीच नाही हो. टूल बोर्डवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असते, संध्याकाळी एक जागा जरी रिकामी दिसली तरी तो पाना सापडेपर्यंत विमान उडत नाही, कारण तो इनटेकमध्ये पडलेला असू शकतो. मी एकदा एक छोटा स्क्रूड्रायव्हर शोधताना आठ जणांना रात्री साडेनऊपर्यंत टॉर्च घेऊन गुडघ्यावर बसलेलं पाहिलंय, सापडला तो एका पॅनलच्या आत. हा वेळ हिशोबात धरलाच पाहिजे, तो काढून टाकला तर उद्या कोणीतरी शोधणं काढून टाकेल.

८० वर पण थांबू नका. ८० माणसं एकसारखी नसतात, एअरफ्रेमवाला, इंजिनवाला, इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंट, रडार-रेडिओ, शस्त्रं, असे ट्रेड आहेत आणि एकाचं काम दुसरा करू शकत नाही. समजा इजेक्शन सीटचं काम महिन्याला फक्त ९० तासांचं आहे, गणिताने सव्वा माणूसच येतो. पण ते काम एकाने करायचं आणि दुसऱ्याने स्वतंत्र तपासून सही करायची असते, म्हणजे एका वेळी दोघं, दोन शिफ्ट म्हणजे चौघं, आणि त्यातला एखादा रजेवर असणारच म्हणून सहा. सव्वाचे सहा झाले. असं प्रत्येक छोट्या ट्रेडला करून बघा, ८० चे ९५ कधी होतात कळत पण नाही. म्हणून एकूण आकड्याला ट्रेडच्या टक्क्यांनी कधी वाटू नका, प्रत्येक ट्रेडचा वेगळा काढा आणि मग बेरीज करा.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. विमान बंद राहतं ते दुरुस्तीला वेळ लागतो म्हणून कमी, वाट बघावी लागते म्हणून जास्त.

एक विमान जॅकवर चढलेलं मला आजही डोळ्यासमोर दिसतं. व्हील वेलमध्ये एका ॲक्च्युएटरमधून हायड्रॉलिक तेल गळत होतं, लाल तेल, खाली ट्रे ठेवलेला, त्यात मिनिटाला एखादा थेंब. सील बदलायचा होता. अंगठीएवढा सील. काम साडेचार तासांचं, आणि विमान उभं राहिलं ११ दिवस. त्या ११ दिवसांचं काय झालं ते मी एफ-७०० (विमानाची नोंदवही) आणि डिमांडच्या (पार्ट मागणीच्या) कागदांवरून मागे जात जात लिहून काढलं. गळती नक्की कुठून आहे हे ठरवायला १ दिवस. डिमांडवर सही व्हायला २ दिवस कारण मधे रविवार आला. सील दुसऱ्या गावाहून यायला ५ दिवस. आलेला पार्ट नंबर वेगळा निघाला, तो बदलून घ्यायला दीड दिवस. हायड्रॉलिक रिग (तेलाचा दाब देऊन टेस्ट करायचं यंत्र) दुसऱ्या विमानाला लावलेली होती, १ दिवस. आणि प्रत्यक्ष काम आणि टेस्ट, अर्धा दिवस. तेव्हापासून मी दुरुस्तीचा वेळ आणि वाट बघायचा वेळ कधीही एका आकड्यात लिहिला नाही.

गणित सोपं आहे. तयारीचे टक्के म्हणजे चालू विमान सरासरी किती वेळ चालू राहतं, भागिले तो वेळ अधिक बंद राहायचा वेळ. आपल्या उदाहरणात रोज सकाळी साधारण १० विमानं उडत असतील तर एक विमान महिन्याला २४ तास उडतं. जमिनीवर बसवणारा स्नॅग दर ८ उड्डाण तासांनी येतो असं धरू, म्हणजे १० दिवसांनी, घड्याळाचे २४० तास. दुरुस्ती ८ तास, वाट बघणं ७२ तास. २४० भागिले ३२०, बरोबर ७५ टक्के.

आता दुरुस्ती दुप्पट वेगाने केली, ८ चे ४ तास, तर? ७६ टक्के. एवढी मेहनत करून एक टक्का. आणि दुरुस्ती तीच ठेवून वाट बघणं निम्मं केलं, ७२ चे ३६? ८४ टक्क्यांच्या वर जातं. भाचीने हे तीनदा करून पाहिलं, तिला खरं वाटेना. पोरांना "लवकर करा, लवकर करा" म्हणून काही मिळत नाही, उलट चुका वाढतात, वाट कशाची बघतोय ते शोधा.

पण हे टक्के कुठल्या विमानांचे? १६ मधून २ ओव्हरहॉलला, आणि मोठ्या इन्स्पेक्शनला एक विमान १५ दिवस अडकतं, महिन्याला २.४ येतात, म्हणजे कधीही बघा सरासरी १.२ विमानं इन्स्पेक्शनमध्येच. हातात उरली १२.८, तेरा धरा. तेराचे ७५ टक्के पावणेदहा. रोज सकाळी १० हवीत असं वर सांगितलेलं असेल तर सरासरी जवळ दिसते, पण सरासरीने उड्डाण होत नाही. तेरा विमानं, प्रत्येक ७५ टक्के, तर १०० सकाळींतल्या फक्त ५८ सकाळी १० किंवा जास्त मिळतील. ८४-८५ टक्क्यांवर नेलं तर ८७ सकाळी. म्हणून वरच्याला सांगताना "सरासरी इतकी" असं सांगू नका, "शंभरातल्या इतक्या सकाळी" असं सांगा, मग खरी चर्चा सुरू होते.

वाट बघण्यात सगळ्यात मोठा वाटा पार्टचा. याचं गणित एका स्वीडिश टेलिफोन इंजिनिअरने, कॉनी पाम यांनी, १९३८ मध्ये दिलं, आणि १९६८ मध्ये अमेरिकेत रँड या संशोधन संस्थेच्या क्रेग शेरब्रुक यांनी ते विमानांच्या पार्टच्या साठ्याला लावलं. मतलब इतकाच, दुरुस्तीत अडकलेले पार्ट बरोबर महिन्याला येणारे बिघाड गुणिले दुरुस्तीला जाऊन परत यायचे महिने, आणि ते सरासरीच्या आजूबाजूला कसं हलतं ते पॉइसाँच्या (संख्याशास्त्रातल्या शक्यतांच्या) तक्त्यातून वाचायचं.

हायड्रॉलिक पंप घ्या. विमानाला २, महिन्याला २४० तास म्हणजे पंपांचे ४८० तास, पंप सरासरी ८०० तासांनी बिघडतो, म्हणजे महिन्याला ०.६ पंप. दुरुस्तीहून परत यायला ५ महिने. ०.६ गुणिले ५, सरासरी ३ पंप कायम बाहेर. लोक म्हणतात मग ३ जास्तीचे घेऊ. ३ घेतले तर १०० दिवसांतले ३५ दिवस कुठलं तरी विमान पंपाविना उभं. ५ घेतले तर ८ दिवस. आता पंप ३ च ठेवा पण परत यायचा वेळ ५ चा अडीच महिने करा, तर ७ च दिवस. म्हणजे दोन नवे पंप विकत घेण्याइतकाच फायदा, नुसती ये-जा लवकर करून. पार्टच्या यादीवर कितीही खर्च दाखवा, त्या यादीत परत यायच्या महिन्यांचा रकाना नसेल तर ती यादी अपुरी आहे.

आणि पार्ट एकच नसतो. ४० महत्त्वाचे पार्ट, प्रत्येक ९९ टक्के वेळा स्टोअरमध्ये हजर, ऐकायला किती छान! पण चाळीसही एकाच वेळी हजर असायची शक्यता ६७ टक्के. ९८ टक्क्यांवर आला तर ४५. म्हणूनच सगळ्या यादीला सारखाच नियम लावू नका, विमानाला जमिनीवर बसवणारे पार्ट वेगळे काढा आणि त्यातले स्वस्त असतील ते भरपूर ठेवा. आमच्या दाजींची निफाडकडे द्राक्षबाग आहे, ते ब्लोअरच्या पंपाचे सील डझनाने आणून ठेवतात, कारण ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की डाऊनीची (द्राक्षावरच्या रोगाची) फवारणी त्याच दिवशी लागते, पिंपळगावचं दुकान उघडेपर्यंत थांबता येत नाही. ज्याच्याकडे एक दिवसाची वाट पीक नेते त्याला हे शिकवावं लागत नाही.

पार्ट मिळाला नाही की मोह होतो तो एका बंद विमानाचा काढून दुसऱ्याला लावायचा. कधी कधी करावं लागतं, मी पण केलंय. पण हिशोबात त्याचे मनुष्यतास दुप्पट धरा, काढायचं, लावायचं, मग नवा आला की परत लावायचं, आणि त्या काढाकाढीत चांगला कनेक्टर तुटतो ते वेगळंच.

रिग, टेस्ट बेंच, डॉक (मोठ्या इन्स्पेक्शनला विमान उभं करायची जागा) यांचा हिशोब थोडक्यात. एकच रिग आहे, कामं कधीही येतात आणि कमी-जास्त वेळ घेतात, तर रिग निम्मा वेळ वापरात असेल तेव्हा एका कामाच्या वेळेइतकी रांग, ८० टक्के वापरात असेल तर चौपट, ९० टक्के असेल तर नऊपट. काम ६ तासांचं असेल तर ९० टक्क्यांवर सरासरी ५४ तास रांगेतच. "रिग पुरेपूर वापरली जातेय" हे ऐकून कोणी खूश होत असेल तर त्याला बाहेर उभी असलेली विमानं दाखवा. डॉकचं पण तसंच, महिन्याला २.४ इन्स्पेक्शन गुणिले १५ दिवस, ३६ दिवस लागतात आणि एक डॉक ३० च देतो, म्हणजे दोन हवेतच.

आणि दोन डॉकही कमी पडतात जर स्टॅगर, म्हणजे विमानं एकामागोमाग एक इन्स्पेक्शनला येतील अशी आखणी, बिघडला तर. भिंतीवर तक्ता लावा, प्रत्येक विमानाचे पुढच्या इन्स्पेक्शनपर्यंत किती तास उरलेत ते काठीसारखं काढा, काठ्या पायरीपायरीने चढत गेल्या पाहिजेत, ७, १४, २१ असं करत ९८ पर्यंत. चार काठ्या एकाच उंचीच्या दिसल्या तर त्या चारही एकाच आठवड्यात डॉकवर येणार, म्हणून आजच ठरवायचं कोणाला जास्त उडवायचं आणि कोणाला थांबवायचं. पायलट कुठलं विमान मागतोय त्यापेक्षा हा तक्ता काय सांगतोय ते मोठं. रोज सकाळी ब्रीफिंगच्या आधी दहा मिनिटं याला द्या.

शेवटी तणावाच्या दिवसांचा वेगळा हिशोब कराच. समजा रोज २४ सॉर्टी, ३० उड्डाण तास. सॉर्टीचं काम १४४ मनुष्यतास, स्नॅगचं ३६०, मिळून ५०४. रजा बंद, १२ तासांची शिफ्ट, ६० टक्क्यांनी हातातले ७.२ तास, म्हणजे रोज ७० माणसं. ९५ आहेत, भागतं, मोठी इन्स्पेक्शन त्या काळात येऊ नयेत म्हणून आधीच काठ्या उंच करून ठेवलेल्या असल्या तर. पण पंप बघा. महिन्याला ९०० तास, बिघाड २.२५ पंप, आणि आपल्या ५ जास्तीच्या पंपांतले ३ आधीच दुरुस्तीला गेलेले, शेल्फवर २. त्या महिन्यात दुरुस्तीहून एकही परत आला नाही तर महिना संपायच्या आत शेल्फ रिकामा. माणसं पुरतात आणि पार्ट संपतात, हे शांततेच्या महिन्यांतल्या आकड्यांत कधीच दिसत नाही.

भाचीने विचारलं, हे ८०० तास, १२ मनुष्यतास कुठून आणायचे. बनवणाऱ्याच्या पुस्तकातला आकडा सुरुवातीला घ्या, पण तुमचं विमान तुमच्या हवेत उडतं, जोधपूरची धूळ वेगळी, तंजावरची दमट हवा वेगळी. म्हणून तिला एक वही आखून दिली, दर स्नॅगला एक ओळ. विमान नंबर, किती उड्डाण तासांवर आला, कुठला ट्रेड, कुठला पार्ट. मग पाच वेळा, तारीख आणि घड्याळासकट: बंद पडलं कधी, बिघाड सापडला कधी, पार्ट मागितला कधी, पार्ट हातात आला कधी, सही होऊन चालू झालं कधी. सहा महिने ही वही कोणीतरी प्रामाणिकपणे भरली की वरचा प्रत्येक आकडा त्यातून निघतो. खरं विमान काही तिला मिळायचं नाही, म्हणून ती आता दाजींच्या ट्रॅक्टर, ब्लोअर आणि दोन मोटारींवर ही वही चालवतेय, काल रात्री पहिली ओळ पाठवली: ब्लोअर, सकाळी ७.१० ला बंद, ७.४० ला सापडलं, सील घरातच होता, ८.२५ ला चालू.